माजी सदस्य

खोक्यातून निघालेला प्लास्टरचा जबडा तिने नेहमीसारखा आधी उलटा करून टाळूच्या बाजूने पाहिला आणि मग सोबतच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं. नाव वाचल्यावर तो खाली ठेवायला हवा होता, पण हाताने ऐकलं नाही. वरचे पुढचे चार दात नव्हते; तिथे हिरडीची नुसती वळी होती, तान्ह्या मुलाच्या हिरडीसारखी. बाजूचे दात मात्र लांबट, धडधाकट, किंचित पुढे झुकलेले. हे दात तिच्या ओळखीचे होते. रंगमंचावरच्या दिव्यांच्या झोतात पाहिलेले, आणि एकदा जिन्यात, इतक्या जवळून की डाव्या सुळ्यावरची चीरसुद्धा दिसली होती. ती चीर प्लास्टरमध्येही उतरली होती. चिठ्ठीच्या तळाशी दंतवैद्य बाईंनी लिहिलं होतं, पेशंट गायिका आहेत, पडून दात गेलेत, महिनाअखेर कार्यक्रम आहे, तेव्हा ‘स’ आणि ‘श’कडे विशेष लक्ष द्यावं. आणि पुढे, काम तुमच्याच हातून व्हावं असा त्यांचा आग्रह आहे.

शेजारच्या टेबलावर लॅबचा मालक दात घासत होता. म्हणजे कुणाची तरी कवळी चाकावर धरून चकचकीत करत होता. “कोण बडी असामी आहे का?” त्याने चाक न थांबवता विचारलं.

“नाही. गाते.”

“मग जपून. गाणाऱ्यांचे आणि वकिलांचे दात हमखास परत येतात.”

ती हसली, आणि चिठ्ठी तिने पुन्हा एकदा वाचली. बगळीला, म्हणजे चिठ्ठीवरच्या या गायिकेला, ही लॅब कुठून कळली? लॅबच्या दारावर धड पाटीसुद्धा नव्हती, आणि कवळी कुणाच्या हातची हे कवळी घालणाऱ्याला कधीच कळत नाही; शिंप्याचं नाव असतं, दातवाल्याचं नसतं. दोन्हीकडचं ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता, आणि तो आज सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन, “येतो गं” म्हणून कुठल्यातरी इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता.

बगळीच्या बँडची पहिली गायिका आपण होतो, असं ती म्हणत असे. तसं काही नव्हतं, असं इंटरनेटवरचा ज्ञानकोश म्हणत असे. टायरच्या गोदामावरची तिसऱ्या मजल्याची खोली, भिंतीला टेकलं की पाठीला रबराचा वास लागायचा. तिथे ते चौघं जमायचे. गिटार वाजवणारा ‘मास्तर’, कारण तो सगळ्यांच्या चुका काढायचा. बेस वाजवणारा ‘मुका’, जो पुढे परदेशी गेला तो गेलाच. ड्रमवर ‘ठोक्या’, जो आता तिचा नवरा होता. आणि ती. तिला ‘भोंगा’ म्हणायचे. तिच्या आवाजाने खालचा गोदामवाला काठीने छताला ठोसे द्यायचा आणि ठोक्या त्या ठोशांच्या तालावर वाजवायचा. बँडचं नाव होतं ‘खडखडाट’, कारण खिशातही तोच होता आणि गाण्यातही. ‘पायपुसणं’ हे गाणं तिने त्याच खोलीत, गोदामवाल्याशी भांडून आल्यावर, रागाच्या भरात जुळवलेलं. “पुसा, पुसा, सगळ्यांनी पाय पुसा!” ओरडताना तिच्या मानेच्या शिरा ताठायच्या आणि मागून ठोक्याच्या काड्या तिला पुढे ढकलायच्या, जसं उतारावर कुणीतरी पाठीत हात घालून पळवतं. पडू, असं वाटायचं, आणि पडायचो नाही. तसं वाटणं पुन्हा कशात आलं नाही, लग्नातसुद्धा नाही. मग एका सकाळी तिच्या घशातून आवाजाऐवजी फाटलेल्या कापडासारखं काहीतरी आलं. स्वरयंत्रावर गाठी. डॉक्टरांनी कित्येक महिने बोलायचं नाही म्हणून बजावलं, गाणं तर लांबच. तिसऱ्या मजल्यावर ती गळ्याभोवती रुमाल गुंडाळून बसलेली असताना मास्तर म्हणाला, “तुझं बरं होईपर्यंत तात्पुरती कुणी आणूया का?” सगळे तिच्याकडे पाहत होते. तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिने मान हलवली. माणसाने आयुष्यात एकदाच गप्प बसावं आणि ते नेमकं तेव्हा, यावर ती अजून रात्री कूस बदलताना अडखळायची.

‘तात्पुरती’ आली ती लांब मानेची, शांत, गाताना एका पायावर भार देऊन उभी राहणारी. हिनेच मनातल्या मनात तिला ‘बगळी’ नाव ठेवलं, आणि ते घरात इतकं रुळलं की ठोक्याही कधीमधी चुकून तेच म्हणायचा. बगळी आल्यावर बँडचं नाव बदलून ‘सावकाश’ झालं. ‘पायपुसणं’ इतकं हळू झालं की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. गंमतच आहे, पायपुसण्यावर कुणी रडतं का? पण रडायचे. अल्बम निघाले, लोक ओळखायला लागले. हिचा आवाज परत आला तोवर तिच्यासाठी जागा नव्हती, आणि आला तोही घोगरा, तळ गेलेल्या भांड्यासारखा. ती दातांचं काम शिकली. ठोक्या मात्र बगळीच्या मागे बसून आणखी दोन वर्षं वाजवत राहिला. दोन वर्षं! तालमीच्या वेळी ती जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर बसायची आणि दारामागून ऐकायची. त्याला न्यायला आलेय, असं स्वतःला सांगायची. दोन वर्षांनी तो एके दिवशी घरी आला आणि म्हणाला, “सोडलं मी. बस झालं.” का, ते तिने विचारलं नाही. आपल्यासाठी सोडलं असावं, असं मानून घेतलं आणि पुढच्याच महिन्यात लग्न केलं. पण मानून घेतलेल्या गोष्टीखाली नेहमी एक न मानलेली गोष्ट दबा धरून असते: मग दोन वर्षं कशासाठी थांबला होता?

ज्ञानकोशाचं पान तिला सापडलं ते एका रिकाम्या रविवारी. ‘सावकाश हा सॉफ्ट रॉक प्रकारातला बँड.’ खाली सदस्य. गायिका म्हणून बगळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माजी सदस्यांत ड्रमवाला ठोक्या, पुढे कंसात ‘दोन वर्षांनी बँड सोडला’. ती कुठेच नव्हती. नवऱ्याचं नाव तिथे पाहून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं ते असं, की एकाच ताटात जेवायला बसलो आणि वाढणाऱ्याने फक्त त्याला वाढलं. स्वतःचं नाव आपल्याच हाताने घुसवायची लाज वाटली, म्हणून तिने आडवाट धरली. ‘सॉफ्ट रॉक’ खोडून ‘पंक रॉक’ लिहिलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते परत सॉफ्ट केलं. तिने पुन्हा पंक केलं. मग चर्चेच्या पानावर खडाजंगी सुरू झाली. एक म्हणे आर्ट रॉक, एक म्हणे आल्टर्नेटिव्ह, एकाने तर पोटतिडकीने ‘उदास रॉक’ असा नवाच प्रकार काढला. सगळे हत्तीला चाचपडत होते आणि हत्ती केव्हाच मरून गेला होता. पानाचा राखणदार मात्र एकच, आणि तो स्वतःच्या नावानिशी लिहायचा: मास्तर. ‘पंकचा आरोप निराधार आहे,’ त्याने लिहिलं. आरोप! ‘खडखडाट हा वेगळा बँड होता. त्याचं ध्वनिमुद्रण नाही. सावकाशच्या इतिहासात तो धरता येणार नाही.’ तिने टोपणनावाने उत्तर दिलं, ‘खोली तीच, माणसं तीच, गाणं तेच. लग्नानंतर बाईचं नाव बदललं म्हणून ती दुसरीच बाई होते का?’ मास्तरने लिहिलं, ‘कृपया स्रोत द्यावा.’ स्रोत तिच्या घशात होता. तो कसा देणार?

आणि घरात? “अगं, ते पान वाचतं कोण?” ठोक्या म्हणायचा. “तू वाचतोस का?” “मी कशाला वाचू? मला माहीत आहे ना काय झालं ते.” “मग लिही की तिथे. तू सांगितलंस तर मास्तर ऐकेल.” यावर तो पाना-पक्कड घेऊन गळत नसलेल्या नळाकडे वळायचा.

त्या संध्याकाळी तिने त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. “बगळीचे दात माझ्याकडे आलेत.”

तो एका पायातला बूट हातात घेऊन उभा राहिला. “आले का? बरं झालं. मीच सांगितलं तिला. म्हटलं, दात बसवावेत तर माझ्या बायकोने.”

“तुझं बोलणं होतं तिच्याशी?”

“होतं म्हणजे, आता कार्यक्रमाचं चाललंय ना. मास्तरने सगळ्यांना जमवलंय, एकदाच, शेवटचं. माझ्यानंतरचा ड्रमवाला येऊ शकत नाही, म्हणून मला विचारलं.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने पुस्ती जोडली, “तुला सांगणारच होतो.”

“कधी? टाळ्या पडल्यावर?”

“हे बघ, तू ते पानावरचं भांडण सुरू केलंस, मग मला सुचेना कसं सांगावं. मास्तर मला विचारतो, ही तुझी बायकोच ना रे? मी म्हणतो, माहीत नाही बुवा.”

म्हणजे तिघांना ठाऊक होतं. ती टोपणनावाचा बुरखा घेऊन भांडत होती आणि बुरख्याआड कोण आहे हे जाणून तिघं एकमेकांना फोन करत होते. तिला एकदम त्यांचं हसणं ऐकू आलं, न झालेलं, किंवा झालेलंही असेल. बगळीचं हसणं, लांब दातांचं. आता दात नाहीत, तर हात धरत असेल तोंडावर. त्या रात्रीपासून ठोक्या बाहेरच्या खोलीत उशीवर काड्या वाजवून सराव करायला लागला. शेजारी टिकटिक करणारं यंत्र. त्याचे ठोके टिकटिकीच्या पुढे पळायचे, तो थांबायचा, स्वतःलाच शिवी द्यायचा, पुन्हा सुरू. कुणासाठी एवढा जीव तोडतोयस, हे वाक्य तिने दातांमागे अडवून धरलं.

लॅबमध्ये तिने चार दात निवडले. रंग जुळवला, लांबी जुळवली, मेणात एकेक रोवून तो सुळ्याच्या ओळीत आणला. बगळीचं तोंड तिच्या हाताखाली तयार होत होतं, ही गोष्ट तिला दिवसभर पुरत होती. दातांच्या मागे टाळूच्या बाजूला मेणाचा जो उतार असतो, तिथे जीभ टेकून ‘स’ निघतो. तिथे मेण जरा जास्त कोरलं, अरुंद खाच पडली, की ‘स’ म्हणताना वारा कोंडतो आणि बारीक शिट्टी वाजते. बोलताना लक्षात येत नाही. माइकसमोर, शांत गाण्यात, ‘पुसा, पुसा’ म्हणताना मात्र लक्षात आल्यावाचून राहत नाही. हे सगळं तिला चाकू गरम करताना माहीत होतं. चाकू टेकवतानाही माहीत होतं. मेणाची एक पातळ साल चाकूवर आली, नखाएवढी, आणि ती तिने बोटाने पुसून टाकली. हात घसरला असं म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांत तिचा हात घसरला नव्हता. मालक मागून डोकावला आणि म्हणाला, “वा, जिवंत वाटतायत.” तिच्या कानशिलांत रक्त असं धडधडत होतं की जणू गाणं सुरू व्हायचंय.

मेणातले दात तोंडात बसवून बघायला ती स्वतःच दवाखान्यात गेली. अवघड काम असलं की जावं लागायचंच. खुर्चीत बगळी बसली होती. केस पांढरे, मान मात्र तेवढीच लांब, आणि तोंडावर हात. तो हात पाहून हिला सुख झालं, अगदी उघडंवाघडं सुख, आणि ते लपवायला ती मोजे घालण्यात गुंतली. दात बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मोजा बरं. सहासष्ट, सदुसष्ट...” बगळीने मोजलं. प्रत्येक ‘स’च्या शेपटीला केसाएवढी शिट्टी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “छान!” आणि त्यांना बाहेर फोन आला म्हणून गेल्या. शिट्टी हिला एकटीलाच ऐकू आली होती.

“तुम्ही भोंगा ना?” बगळी आरशात दात पाहत म्हणाली. “मी कधीपासून ठोक्याला म्हणतेय, एकदा भेटव बायकोला. तो म्हणतो, नको, चावेल.”

“चावायचं काम आता तुमचं,” ती म्हणाली. आवाज हवा होता त्याहून घोगरा निघाला.

बगळी हसली. चार नवे दात आणि बाजूचे जुने, आता कोणते कुठले कळत नव्हतं. “खरं सांगू? पहिलं सबंध वर्ष मी तुमचीच नक्कल करत होते. घसा फुटायची वेळ आली. शेवटी मास्तर ओरडले, बाई, तू भोंगा नाहीस, सावकाश गा! तेच नाव पडलं बँडचं. असा संताप यायचा तुमचा मला.”

“माझा? मी तर जिन्यात असायचे.”

“तेच तर! तुम्ही जिन्यात येऊन बसलात की आम्हाला आत बसल्या जागी कळायचं. ठोक्याचे ठोके पळायला लागायचे. मी इथे, गाणं तिथे. तुमच्या वेगाने वाजवायचा हो तो. किती समजावलं, किती भांडलो, दोन वर्षं. सुधारेचना. शेवटी मास्तरांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.”

“त्याने सोडलं,” ती म्हणाली. “तसं लिहिलंय पानावर.”

“सोडलं कसलं! काढलं त्याला. बिचारा जाताना म्हणाला, काढलं असं कुणाला सांगू नका. सगळ्यांसमोर रडला.” बगळीने आरसा खाली केला. “तुम्हाला नव्हतं माहीत?”

‘समजावलं’, ‘सुधारेचना’, ‘शेवटी’, ‘सांगितलं’, सगळ्या ‘स’ आणि ‘श’ना शिट्टी होती. इतक्या वर्षांनी तिच्या वाट्याला आलेलं, तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य तिने स्वतःच बिघडवलेल्या तोंडातून बाहेर पडत होतं. तो तिथे दोन वर्षं थांबला होता आणि दोन वर्षं चुकत होता, दारापलीकडे बसलेल्या तिच्यासाठी. त्याला कदाचित कळतही नसेल. हातांना कळत असेल. तिला वाटलं, आता आपल्याला आनंद होईल, आणि ती त्याची वाट पाहत उभी राहिली.

“आ करा,” ती म्हणाली.

“का? मला तर बरे वाटतायत.”

“मला नाही वाटत.” तिने कवळी काढून घेतली, दिव्यावर चाकू तापवला, खाचेत मेणाचा एक थेंब सोडला आणि बोटाने उतार गुळगुळीत केला. क्षमा वगैरे काही नव्हतं त्यात. तिला फक्त त्या तोंडातून ती शिट्टी पुन्हा ऐकवणार नव्हती. गार पाण्यात धरून तिने दात परत बसवले. बगळीने मोजलं नाही, ती खुर्चीतच मान उचलून हळू गायला लागली, “पुसा, पुसा...” ‘स’ असा निघाला जसं रेशमावरून नख. गाणं चांगलं होतं. तेच सर्वांत वाईट होतं. पंक नव्हतं, खडखडाट नव्हता, हिच्या गाण्यातलं त्यात काही म्हणता काही उरलं नव्हतं, आणि तरी ते चांगलं होतं. फोन संपवून दारात आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतताना ती बसच्या मागच्या सीटवर बसली आणि तिने फोनवर ते पान उघडलं. ‘दोन वर्षांनी बँड सोडला.’ आता तिला खरं ठाऊक होतं. ‘सोडला’ खोडून ‘काढून टाकण्यात आलं’ लिहायला कितीसा वेळ? कारणही लिहिता आलं असतं: पहिल्या गायिकेच्या वेगाने वाजवत असल्यामुळे. एका ओळीत पंकही सिद्ध झालं असतं, तीही आणि नवराही. तिचा अंगठा तिथे थबकला. ही ओळ लोकांना द्यायची नाही, ही माझी आहे, असं तिला वाटलं आणि एक क्षणभर छातीत ऊब पसरली. लगेच त्या उबेत काटा सापडला. माझी कुठली? मी निजले, उठले, भांडले, त्याच्यावर संशय घेत म्हातारी होत आले, आणि तो माझ्यासाठी चुकतो हे इतकी वर्षं बगळीला माहीत होतं. मास्तरलाही. त्याचं रडणंही त्यांनीच पाहिलं. त्याने माझ्यावर केलेल्या प्रेमाच्या वेळीसुद्धा समोर मी नव्हते, ती होती. तिने फोन बंद केला. खिडकीच्या काचेत तिचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले दिसत होते.

घरी तो उशी मांडीवर घेऊन बसला होता. टिकटिक चालू होती.

“झाले का दात?” त्याने विचारलं.

“झाले. तुला काढलं होतं म्हणे.”

काड्या थांबल्या. टिकटिक चालू राहिली. “बोलली वाटतं.” त्याने हात लांब करून यंत्र बंद केलं. “सोडलं म्हटलं की ऐकायला बरं वाटतं गं.”

“मला वाटत होतं, माझ्यासाठी सोडलंस.”

“मग तेच बरं नव्हतं का?”

तिला सांगता येईना, की नाही, हे किती तरी बरं होतं, वेड्या, हे तू मला तेव्हाच का नाही दिलंस. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. गुडघे वाजले. “ते वाजव,” ती म्हणाली. “पायपुसणं. आपलं. खडखडाटचं.”

“आता?”

“आता. मी बसलेय ना.”

तो तिच्याकडे बघून हसला, खांदे सैल केले, आणि काड्या उचलल्या. तिने डोळे मिटले. मान आपोआप ताठ झाली, पाठीला कुणाच्या तरी हाताची वाट पाहायला लागली. पहिला ठोका पडला. दुसरा पडला. तिसरा जिथे पडायला हवा होता नेमका तिथेच पडला, न पळता, न चुकता, एकसारखा, हळू. टिकटिक बंद असूनही चालू असल्यासारखा. तिने वाट पाहिली, आता पळतील, या वळणावर पळतील. ते पळाले नाहीत. सबंध गाणं त्याने तसंच वाजवलं, शेवटचा ठोका उशीवर अलगद ठेवला, आणि घामेजल्या चेहऱ्याने, शाबासकी मागणाऱ्या मुलासारखा म्हणाला, “बघितलंस? तू समोर असूनसुद्धा! शेवटी जमलं मला.”